परदेशी पासपोर्ट आणि मुंबईतला फ्लॅट: ओसीआय कार्डधारकांसाठी घरखरेदीची वाट

दादर, पार्ले, मुलुंड, बोरिवलीत लहानाची मोठी झालेली आणि आता अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट असलेली कितीतरी मराठी माणसं आज मुंबईत घर शोधत आहेत. कुणाला आईवडिलांना लिफ्टच्या इमारतीत हलवायचं असतं, कुणाला निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने इथे काढायचे असतात. मनाने ती इथलीच असली तरी कायद्याने परदेशी नागरिक असतात. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, आणि मग मुंबईत फ्लॅट घेताना परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, मध्ये येतो.

या व्यवहारांत बहुतेकांचा सगळा जीव घर पसंत करण्यात जातो. पैसा कसा येणार याचा विचार टोकन देण्याच्या आदल्या दिवशी सुरू होतो. माझं ठाम मत आहे की क्रम उलटा हवा. पैसा कुठून निघणार, कुठल्या खात्यातून विकणाऱ्याकडे जाणार आणि त्याचा कोणता कागद हातात राहणार, हे ठरल्याशिवाय फ्लॅट बघायला बाहेर पडू नका. वीस वर्षांनी घर विकून पैसा परत न्यायची वेळ आली की बँक नेमका तोच कागद मागते.

पहिली पायरी: कायद्याच्या कुठल्या खान्यात बसता ते पाहा

परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस म्हणजे एनआरआय. परदेशी पासपोर्ट आणि 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' हे भारत सरकारचं कार्ड असलेला म्हणजे ओसीआय. निवासी आणि व्यापारी मालमत्ता घेण्याच्या बाबतीत २०१९च्या फेमा नियमांनी या दोघांना जवळपास सारखेच हक्क दिले आहेत. रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही, आणि किती फ्लॅट घ्यावेत यावरही बंधन नाही.

खरी अडचण मधल्या लोकांची होते. नागरिकत्व बदललं, पण ओसीआय कार्ड काढायचं राहून गेलं. जुना भारतीय पासपोर्ट कपाटात आहे आणि त्यावरची तारीखही अजून संपलेली नाही. त्या पासपोर्टवर व्यवहार करायचा विचारही मनात आणू नका. आधी भारतीय वकिलातीत पासपोर्ट जमा करून नागरिकत्व सोडल्याचं त्याग प्रमाणपत्र घ्या, मग ओसीआय काढा, आणि त्यानंतर घर बघा. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना पूर्वी मिळणारं जुनं पीआयओ कार्ड असेल तर ती योजना जानेवारी २०१५मध्ये ओसीआयमध्ये विलीन झाली आहे. त्या कार्डावर विसंबू नका.

जोडीदार मूळचा परदेशी असेल आणि त्याच्याकडे ओसीआय नसेल, तर त्याला एकट्याच्या नावावर घर घेता येत नाही. ओसीआय असलेल्या नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर संयुक्त नावाने एक मालमत्ता घेता येते. त्यासाठी लग्नाची नोंदणी झालेली हवी आणि ते सलग किमान दोन वर्षं टिकलेलं हवं. भारतीय वंशाचा नसलेला आणि परदेशातच राहणारा माणूस मुंबईत फ्लॅट विकत घेऊ शकत नाही, फक्त पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा करू शकतो. नोकरीधंद्यासाठी इथे येऊन राहिलेला आणि फेमाच्या व्याख्येत 'भारतातला रहिवासी' ठरलेला परदेशी माणूस मात्र घेऊ शकतो. त्यातही पाकिस्तान, बांगलादेश, चीन, नेपाळ, श्रीलंका अशा काही देशांच्या नागरिकांना रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. पर्यटक व्हिसावर येऊन फ्लॅट घेता येत नाही, एजंट काहीही सांगो.

कोकणातली बाग यात येत नाही

शेतजमीन, फार्महाउस आणि बागायती मालमत्ता ओसीआयला विकत घेता येत नाही. कर्जत, अलिबाग, गुहागरकडच्या जाहिरातींत 'फार्महाउस प्लॉट' हा शब्द दिसला की सातबारा मागवा. जमीन बिगरशेती झालेली नसेल तर विषय तिथेच सोडा. वडिलांकडून वारशाने आलेली शेती ठेवता येते, पण विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. आधी भारतीय नागरिक म्हणून इथे राहत असताना घेतलेलं घरही तुमचंच राहतं. नागरिकत्व बदललं म्हणून ते विकावं लागत नाही.

दुसरी पायरी: पैशाचा रस्ता

ओसीआय कार्डधारकाने घराची किंमत कशी द्यावी हे ठरलेलं आहे. परदेशातल्या खात्यातून बँकेमार्फत थेट पाठवलेला पैसा चालतो. एनआरई किंवा एफसीएनआर (परकीय चलनातल्या मुदत ठेवीच्या) खात्यातला पैसा चालतो. एनआरओ खात्यातलाही चालतो. डॉलरच्या नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक चालत नाहीत.

एनआरई आणि एनआरओमधला फरक इथे फार मोलाचा आहे. एनआरई खात्यात तुमची परदेशातली कमाई रुपयांत येते आणि ती केव्हाही परत नेता येते. एनआरओमध्ये भारतातलं उत्पन्न जमा होतं, म्हणजे भाडं, लाभांश, वडिलोपार्जित घर विकून आलेली रक्कम. घराचे पैसे एनआरईतून, एफसीएनआरमधून किंवा थेट परदेशातून गेले असतील, तर पुढे विक्रीनंतर तेवढी मूळ रक्कम बाहेर नेता येते. निवासी घरांच्या बाबतीत ही मुभा दोन घरांपुरती आहे. नफा आणि एनआरओतून दिलेला भाग एनआरओ खात्यात जातो. तिथून एका आर्थिक वर्षात १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम नेता येते, पण कर भरल्याचं दाखवून आणि चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्र जोडून. म्हणून मी सांगते, परदेशातला पैसा असेल तर तो एनआरओत मिसळू नका. एकदा मिसळला की मोकळेपणाने परत नेण्याचा हक्क गेला.

आता नेहमी घडणारी गोष्ट बघा. पार्ल्यातला एक फ्लॅट आवडतो, विकणारा म्हणतो की उद्यापर्यंत टोकन द्या, तिसरा माणूस तयार आहे. ठाण्यातला भाऊ म्हणतो, "मी माझ्या खात्यातून देऊन टाकतो, तू नंतर मला दे." भावाच्या मनात माया आहे, पण हा पैसा वर सांगितलेल्या कुठल्याच वाटेने आलेला नसतो. त्याहून वाईट म्हणजे सगळी रक्कम भावाच्या खात्यावर पाठवून त्याने बिल्डरला चेक देणं. कागदावर ती भावाला दिलेली भेट दिसते आणि घराशी तुमच्या परदेशी पैशाचा संबंध तुटतो. भावाला खरोखरच पैसे द्यायचे असतील तर त्याने ते तुमच्या एनआरओ खात्यात भेट म्हणून जमा करावेत आणि तिथून विकणाऱ्याला जावेत. त्याला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. आणि एका दिवसात टोकनचा आग्रह धरणाऱ्याला दोन दिवस थांबवता येतं. मुंबईत फ्लॅट संपत नाहीत.

परदेशातून पैसे पाठवताना बँक किंवा अ‍ॅप रकमेचा उद्देश विचारतं. घाईत 'कुटुंबाच्या खर्चासाठी' हा पर्याय निवडला जातो, कारण तो यादीत वर असतो. तसं करू नका, घरखरेदीशी जुळणारा उद्देश निवडा. पैसे आले की इथल्या बँकेकडून परकीय रक्कम आल्याचं पत्र, ज्याला बँकेत एफआयआरसी किंवा एफआयआरए म्हणतात, लगेच मागून घ्या. दहा वर्षांनी ते शोधायला गेलात तर शाखा बदललेली असते, बँकही दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते.

रोखीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. रिसेलच्या बाजारात 'थोडे वेगळे द्या' ही मागणी अजून होते. समजा फ्लॅट दोन कोटींचा आहे आणि विकणारा ३० लाख रोख मागतो. तुमचं अ‍ॅग्रीमेंट १ कोटी ७० लाखांचं होईल. उद्या तोच फ्लॅट तीन कोटींना सगळ्या चेकने विकलात तर एक कोटीऐवजी १ कोटी ३० लाखांच्या नफ्यावर कर बसेल. ते ३० लाख कधीच बाहेर नेता येणार नाहीत, कारण ते दिल्याचा पुरावाच नाही. शिवाय फेमाच्या उल्लंघनाला गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. रोख मागणाऱ्या विकणाऱ्याचं घर कितीही छान असलं तरी ते सोडा.

कर्ज हवं असेल तर भारतीय बँका ओसीआयना गृहकर्ज देतात आणि ते रुपयांतच मिळतं. ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क धरत नाहीत. हप्ता एनआरई खात्यातून गेला तर तोही परदेशी पैशातून दिलेला भाग म्हणून मोजता येतो. प्रत्येक वर्षाचं हप्त्यांचं स्टेटमेंट जपा.

तिसरी पायरी: पॅन आणि नावाची जुळणी

पॅनशिवाय काहीच पुढे सरकत नाही. परदेशी नागरिकांचा पॅनचा अर्ज वेगळा असतो. आधार नसलं तरी चालतं. त्रास होतो तो नावांचा. ओसीआयवर सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं, बँकेत मधलं नाव नाही, अशी अवस्था आपल्याकडच्या बायकांची हमखास असते. अ‍ॅग्रीमेंट करण्यापूर्वी सगळीकडे एकच नाव करून घ्या. पासपोर्टचं नूतनीकरण झालं असेल तर ओसीआयच्या पोर्टलवर नवा पासपोर्ट चढवलेला आहे ना, तेही बघा.

चौथी पायरी: कुलमुखत्यारपत्र

प्रत्येक सहीला विमानाने येणं शक्य नसतं, त्यामुळे इथल्या कुणाला तरी कुलमुखत्यारपत्र द्यावं लागतं. ते सर्वसाधारण न करता या एका व्यवहारापुरतं करा. फ्लॅट ठरला असेल तर त्याचा पत्ता आणि सोसायटीचं नाव लिहा. कोणती कामं करायची ते मोजून लिहा: अ‍ॅग्रीमेंटवर सही, दुय्यम निबंधकासमोर हजर राहणं, मुद्रांक शुल्क भरणं, ताबा घेणं, सोसायटीत अर्ज करणं, वीज-गॅस नावावर करून घेणं. विकण्याचा, गहाण ठेवण्याचा किंवा भाड्याने देण्याचा अधिकार त्यात घालू नका. सख्खा भाऊ असला तरी नको. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. उद्या त्याच्याच डोक्यावर कर्ज झालं किंवा आजारपण आलं तर त्याच्यावर दबाव येऊ शकतो, आणि अधिकारच नसला की तोही सुटतो.

हे पत्र परदेशात दोन प्रकारे करता येतं. भारतीय वकिलातीत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करावी, किंवा तिथल्या नोटरीसमोर सही करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे तिथल्या सरकारचा दुसऱ्या देशात मान्य होणारा शिक्का, घ्यावा. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अपोस्टिलच्या करारात आहेत, कॅनडा २०२४मध्ये आला. पत्र भारतात पोचलं की तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मुदत चुकली की दंड लागतो आणि नोंदणीच्या दिवशी सगळं अडून बसतं. त्यामुळे कुरिअरचं पाकीट आणि पोचल्याच्या तारखेची पावती टाकून देऊ नका.

विकणारा जर 'कुलमुखत्यारपत्रावर घर घ्या, अ‍ॅग्रीमेंटची गरज नाही' असं म्हणाला तर उठून या. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या सूरज लॅम्प निकालात स्पष्ट केलं आहे.

पाचवी पायरी: नवीन बांधकाम घेत असाल तर

इथे रेरा, म्हणजे बिल्डर आणि गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, मोठा आधार आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका आणि निवांत वाचा: मंजूर मजले किती, पूर्ण करण्याची तारीख किती वेळा पुढे गेली, जमिनीवर कर्ज आहे का, खटले कोणते, किती फ्लॅट विकले गेले. परदेशात बसून करता येण्याजोगं हे सर्वांत उपयुक्त काम आहे. ब्रोकरच्या व्हिडिओपेक्षा यात जास्त कळतं.

अ‍ॅग्रीमेंटची नोंदणी होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. भाव कार्पेट एरियावर विचारा, सुपर बिल्टअपच्या आकड्याकडे लक्षच देऊ नका. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो, ४५ लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घरांवर १ टक्का. ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र, मिळाल्यानंतर घेतलेल्या तयार घरावर जीएसटी नाही. माझा कल तयार घराकडे आहे. ताबा लांबला तर इथल्या माणसाला महारेराकडे तक्रार करणं जितकं जमतं तितकं न्यूजर्सीत बसून जमत नाही.

सहावी पायरी: रिसेलचे कागद

मुंबईत रिसेल म्हणजे कागदांची साखळी. बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेलं मूळ अ‍ॅग्रीमेंट, त्यानंतरचं प्रत्येक अ‍ॅग्रीमेंट, प्रत्येकाची नोंदणी पावती, इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा) आणि भरलेलं मुद्रांक शुल्क, हे सगळं एकामागून एक लागायला हवं. मधलं एखादं अ‍ॅग्रीमेंट कमी मुद्रांकावर झालेलं असेल तर त्याची भरपाई विकणाऱ्याने व्यवहाराआधी करावी, असं लेखी घ्या. मूळ कागद हरवला असेल तर पोलीस तक्रार आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस लागते. जाहीर नोटीस तर तुम्हीही वकिलामार्फत द्याच, एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात. मालकीच्या नोंदी तपासणारा सर्च रिपोर्ट तीस वर्षांचा घ्या.

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट विकणाऱ्याच्या नावावर आहे का, थकबाकी नाही असं पत्र मिळतं का, हे ब्रोकरला न विचारता थेट सेक्रेटरीला भेटून विचारा. त्याच भेटीत इमारतीची अवस्था, पाण्याची वेळ, पुनर्विकासाची चर्चा, सगळं कळतं.

ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे माणसं सहज मोहात पडतात. मुंबईत ओसी नसलेल्या इमारतींत लोक वर्षानुवर्षं राहत आहेत, फ्लॅट विकलेही जातात आणि भाव थोडा कमी असतो. 'सगळेच राहतात' हे ऐकायला मिळतं. वरळीच्या कॅम्पाकोला कंपाउंडमध्येही लोक राहतच होते. तिथे पाच मजल्यांची परवानगी असताना जास्त मजले चढले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये ते मजले बेकायदा ठरवले आणि २०१४मध्ये पालिकेने त्या घरांचं वीज, पाणी आणि गॅस तोडलं. ओसी मागा आणि त्यावर लिहिलेले मजले प्रत्यक्ष इमारतीशी जुळतात का तेही मोजा. परदेशात राहणाऱ्याने ओसीशिवायच्या इमारतीत घर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग जमीन. मालमत्ता पत्रकावर जमीन अजून बिल्डरच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर असेल तर सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नाही. हा मुंबईतला जुना रोग आहे. मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय सरकारकडून करून घेतलेलं डीम्ड कन्व्हेयन्स, झालं आहे किंवा अर्ज चालू आहे का ते विचारा, कारण पुनर्विकासाच्या वेळी हाच प्रश्न उभा राहतो. बांद्रा, मुलुंड, चेंबूर अशा भागांत काही सोसायट्या सरकारी जमिनीवर आहेत. तिथे हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि शुल्क लागू शकतं. ते कोण भरणार हे आधी ठरवा. म्हाडाची आणि झोपडपट्टी पुनर्वसनातली घरं ठरावीक वर्षं विकता येत नाहीत. गिरगाव, परळ, दादरच्या जुन्या चाळींमधली पागडीची खोली ही मालकी नव्हे, ती भाडेकरूचा हक्क आहे. बालपणाची ओढ कितीही असली तरी परदेशी नागरिकाने त्यात पैसा घालू नये.

पार्किंगचं वेगळं विचारा. सोसायटीने सभासदाला दिलेली पार्किंगची जागा फ्लॅटबरोबर आपोआप तुम्हाला मिळतेच असं नाही. जाहिरातीत 'कार पार्किंगसह' असेल तर सोसायटीच्या पत्रात ते दिसलं पाहिजे.

इमारत पुनर्विकासाला जाण्याच्या बेतात असेल तर डेव्हलपरबरोबरचा करार, मंजुऱ्या आणि मिळणारं क्षेत्रफळ कुठल्या टप्प्यावर आहे ते वकिलाकडून वाचून घ्या. 'दोन वर्षांत टॉवर' या बोलण्यावर जादा भाव देऊ नका.

सातवी पायरी: विकणारा कोण, त्यावर टीडीएस

विकणारा भारतातला रहिवासी असेल आणि किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर तुम्ही १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा. दोन कोटींच्या घरात दोन लाख. त्यासाठी पॅन पुरतो.

विकणाराही परदेशात राहणारा असेल तर चित्र बदलतं, आणि मुंबईत हे वारंवार होतं. तेव्हा कापायचा कर दीर्घकालीन भांडवली नफ्याच्या दराने, म्हणजे १२.५ टक्के, अधिक सरचार्ज आणि सेस. मोठ्या रकमेवर तो १५ टक्क्यांच्या जवळ जातो आणि तो नफ्यावर न कापता पूर्ण किमतीवर कापावा लागतो. दोन कोटींवर सुमारे ३० लाख. विकणाऱ्याने आयकर खात्याकडून कमी दराचं प्रमाणपत्र आणलं तरच कमी कापता येतो. यासाठी तुम्हाला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक, काढावा लागतो. १ टक्का कापून मोकळे झालात आणि विकणारा परदेशात निघून गेला, तर उरलेला कर खातं तुमच्याकडून मागतं. म्हणून विकणाऱ्याचा पत्ता, पासपोर्ट आणि आयकराच्या दृष्टीने तो रहिवासी आहे की नाही, हे पहिल्या बैठकीतच विचारा. संकोच नको.

खर्चाचा हिशेब

मुंबई महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभार धरून ६ टक्के आहे. सगळे खरेदीदार महिला असतील तर निवासी घराला १ टक्का सवलत मिळते. नवराबायकोचं संयुक्त नाव असेल तर ती मिळत नाही. शुल्क अ‍ॅग्रीमेंटची किंमत आणि रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला, दर यांतल्या जास्त आकड्यावर बसतं. अ‍ॅग्रीमेंटची किंमत रेडी रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी असेल तर तो फरक तुमचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागू शकतो.

दोन कोटींच्या फ्लॅटला १२ लाख मुद्रांक, एकट्या बाईच्या नावावर १० लाख, नोंदणी फी ३० हजार. ब्रोकरेज बोलून ठरवा. सोसायटीचा ट्रान्स्फर प्रीमियम शहरी भागात २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. 'देणगी' म्हणून लाखभर मागणाऱ्या सोसायट्या भेटतात, त्यांना लेखी मागणी करायला सांगा. वकील, सर्च, जाहीर नोटीस वेगळं. मुद्रांकाचा आणि फीचा पैसाही स्वतःच्याच खात्यातून द्या.

नोंदणी आणि त्यानंतर

सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी व्हावी लागते. मुंबईत ती बहुधा त्याच दिवशी उरकतात. दुय्यम निबंधकाकडे कुलमुखत्यार जाणार असेल तर मूळ पत्र, त्याची ओळखपत्रं, तुमच्या पासपोर्ट-ओसीआय-पॅनच्या प्रती आणि साक्षीदार तयार ठेवा. शेवटचा हप्ता आणि किल्ली एकाच बैठकीत.

मग सोसायटीत नाव लावणं, महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलात बदल, वीज (शहरात बेस्ट, उपनगरांत बहुतांशी अदानी), महानगर गॅस. कुलमुखत्याराला हे सगळं संपेपर्यंत मोकळं करू नका.

घर भाड्याने दिलंत तर लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी महाराष्ट्रात बंधनकारक आहे. भाडं एनआरओ खात्यात यावं. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने ३० टक्के अधिक सेस कापून भरायला हवा, हे बऱ्याच भाडेकरूंना माहीत नसतं, म्हणून करारात लिहा. जास्त कापलेला कर विवरणपत्र भरून परत मागता येतो. अमेरिकन नागरिकांनी हे भाडं तिथल्या विवरणपत्रातही दाखवायचं असतं, आणि अमेरिकेबाहेरच्या खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे त्या खात्यांचा अहवालही भरायचा असतो. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी बिगरभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. नुसतं कुलूप लावलेल्या घराला हे शुल्क लागत नाही.

वारसाचा विचार लगेच करा

सोसायटीत नामनिर्देशन भरा, पण नॉमिनी हा मालक नव्हे. भारतातल्या मालमत्तेसाठी वेगळं मृत्युपत्र करा. ते तिकडच्या मृत्युपत्राला रद्द करत नाही, असं वाक्य त्यात आणि तिकडच्यातही असू द्या.

आणि मुलांची ओसीआय कार्डं. तिकडे जन्मलेली, भारतात कधी राहायला न येणारी मुलं म्हणतात, आम्हाला कशाला ते कार्ड? ओसीआय असलेल्या मुलाला तुमचा फ्लॅट वारशाने सरळ मिळतो. ते कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाला परदेशात राहणाऱ्या आईवडिलांकडून वारसा घ्यायचा तर रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा प्रश्न येतो. तुमचा जुना भारतीय पासपोर्ट, त्याग प्रमाणपत्र, आजोबांचा शाळेचा दाखला हे सगळं हाताशी आहे आणि त्यातलं काय काय आहे हे सांगायला तुम्ही आहात, तोवर मुलांचे अर्ज भरून टाका.